वजीर कोंडायचा कसा: घरं मोजण्यापासून शेवटच्या चालीपर्यंत

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. त्याच विजयाने तिला ग्रँडमास्टर किताबही मिळाला. रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हे नागपूरचे ग्रँडमास्टर त्याआधीपासूनच होते. आता धरमपेठेपासून महालापर्यंत, उन्हाळ्याच्या सुट्टीत कूलरसमोर पट मांडून बसलेली मुलं दिसली की फार बरं वाटतं. या मुलांचे डाव पाहताना एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा दिसते. समोरच्याचा वजीर एकटाच आपल्या मुलखात घुसलेला असतो, पळायला त्याला एखाद-दुसरंच घर असतं, आणि आपला खेळाडू काय करतो? लगेच त्याच्यावर घोडा सोडतो. वजीर उडी मारून बाहेर पडतो. पुढच्या चालीला उंट, वजीर पुन्हा बाहेर. चार चाली गेल्या, हाती काही नाही.

वजिराच्या मागे लागून तो सापडत नाही. त्याची पळायची घरं आधी बंद करायची आणि त्याच्यावर मोहरा सोडायचा तो अगदी शेवटी. हा क्रम उलटा झाला की वजीर निसटतो. हा क्रम कसा पाळायचा, ते इथे पायरीपायरीने सांगतो. पट समोर मांडून वाचा, कारण नुसतं वाचून हे बोटांत उतरत नाही.

लिहिण्याची पद्धत नेहमीचीच आहे. पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या पट्ट्या ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच आणि पांढऱ्याच्या बाजूने आडव्या ओळी १ ते ८. आकड्यानंतर आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; आकड्यापुढे तीन टिंबं असली तर ती काळ्याची चाल. चालीपुढे ! म्हणजे चांगली चाल, ? म्हणजे चूक, ?? म्हणजे मोठी चूक. एखाद्या मोहऱ्याच्या पाठीशी आपला दुसरा मोहरा असला की त्याला जोर आहे म्हणायचं, नसला तर तो बिनजोर.

कोणता वजीर सापडू शकतो?

रिकाम्या पटावर मधल्या चार घरांपैकी एकावर उभा असलेला वजीर २७ घरांवर जाऊ शकतो. तोच कडेला किंवा कोपऱ्यात असला तर २१. हा फरक वरवर लहान वाटतो. पण पट मोहऱ्यांनी भरलेला असताना कडेच्या वजिराला एका बाजूने पटच संपलेला असतो, त्यामुळे बंद करायच्या दिशा कमी उरतात. मधल्या वजिराला आठ दिशा, कडेच्याला पाच, कोपऱ्यातल्याला तीनच.

म्हणून समोरच्याचा वजीर ए किंवा एच पट्टीवर गेला, आपल्या प्याद्यांच्या मागे शिरला, किंवा त्याच्या वाटेत त्याचीच प्यादी उभी असली की थांबा आणि नीट बघा. स्वतःचीच माणसं आडवी आलेला वजीर सगळ्यात लवकर सापडतो, कारण ती घरं बंद करायला आपल्याला एकही चाल खर्चावी लागत नाही. दुसरी खूण भुकेची. बी२ किंवा बी७, ए२ किंवा ए७ वरचं प्यादं खायला आलेला वजीर बहुतेक वेळा एकटा येतो. त्याच्या मदतीचं सैन्य अजून घरीच बसलेलं असतं.

घरं मोजा

समोरच्याच्या वजिरावर बोट ठेवल्यासारखं करून (प्रत्यक्ष हात लावायचा नाही, स्पर्धेत तर मुळीच नाही) आठही दिशांनी एकेक घर पुढे सरका. प्रत्येक घराबद्दल एकच प्रश्न: वजीर इथे आला तर मी त्याला मारू शकतो का? उत्तर हो असेल तर घर बंद, नाही असेल तर उघडं. वाटेत त्याचाच मोहरा लागला तर ती दिशा तिथे संपली. आपला मोहरा लागला तर दोन गोष्टी बघायच्या: तो बिनजोर आहे का, आणि त्याला मारून वजीर पुढच्या चालीला कुठे जाईल.

इथे दोन घरं हमखास सुटतात. एक म्हणजे शह देत जाण्याचं घर. त्या घरावर आपला डोळा नसेल तर वजीर शह देतो, आपल्याला राजा वाचवावा लागतो आणि त्याला एक फुकटची चाल मिळते. दुसरं म्हणजे ज्या मोहऱ्याने आपण वजिरावर नेम धरतो, त्या मोहऱ्याचंच घर. तो बिनजोर असेल तर वजीर त्यालाच गिळून मोकळा होतो.

उघडी घरं तीन-चार असतील तर हा वजीर आज सापडायचा नाही. मोहरे बाहेर काढा, राजा सुरक्षित करा, आपला डाव पुढे न्या. एक किंवा दोन असतील तर मात्र इथेच वेळ द्या. घड्याळातली मिनिटं खर्च करायची जागा हीच.

एक पूर्ण उदाहरण: बी२ वरचं प्यादं

हे उदाहरण मला फार आवडतं, कारण अख्खी पद्धत एका लहानशा प्याद्याच्या चालीत दिसते. चाली अशा:

१. प्यादं डी४, प्यादं डी५. २. घोडा एफ३, घोडा एफ६. ३. उंट एफ४, प्यादं सी५. ४. प्यादं ई३, घोडा सी६. ५. घोडा सी३, वजीर बी६.

काळ्याचा वजीर बी२ वरच्या प्याद्याकडे बघतो आहे. पांढरा खेळतो ६. प्यादं ए३. चाल अगदी साधी दिसते आणि बी२ वरचं प्यादं तर वाचवलेलंच नाही! काळा आनंदाने ६... वजीर बी२ वरचं प्यादं मारतो. आणि मग ७. घोडा ए४.

आता वजिराची घरं मोजा. बी१ ला पांढरा हत्ती आणि वजीर दोघांचाही पहारा. सी१ ला पांढरा वजीर. सी२ वरचं प्यादं मारलं तरी पांढरा वजीरच मारेल. ए२ ला हत्ती. बी३ वर सी-प्यादं मारतं. बी४ वर जाऊन शह मिळतो खरा, पण ए३ वरचं प्यादं तिथे वजीर मारतं. बी५ ला एफ१ वरच्या उंटाची तिरपी नजर आहे, ई-प्यादं सरकल्यामुळे ती वाट मोकळी झाली. बी६ आणि सी३ दोन्ही ए४ वरच्या घोड्याच्या टप्प्यात. ए३ वरच्या प्याद्याला हत्तीचा जोर, डी४ वरच्याला ई३ च्या प्याद्याचा, एफ३ च्या घोड्याचा आणि वजिराचा. एकही घर उरलं नाही. माझ्याकडे शिकायला येणारा एक मुलगा ही घरं मोजता मोजता मध्येच ओरडला होता, "सर, हा तर चारही बाजूंनी फसून राहिला!"

काळ्याला आता बरा सौदा एकच: वजिराने ए१ वरचा हत्ती मारायचा आणि पांढऱ्या वजिराच्या हातून मरायचं. म्हणजे ९ गुणांचा वजीर देऊन हत्ती आणि प्यादं मिळून ६ गुण मिळाले (कुठल्या मोहऱ्याला किती गुण, ते पुढे येतं).

आता ए३ ही चाल काढून टाका. सहाव्या चालीला पांढऱ्याने समजा उंट ई२ खेळला. ६... वजीर बी२ चं प्यादं मारतो, ७. घोडा ए४, आणि ७... वजीर बी४ शह! पांढरा ८. प्यादं सी३ खेळून शह अडवतो आणि वजिरावर नेमही धरतो, पण वजिराला ए३ आणि ए५ अशी दोन घरं मोकळी आहेत. प्यादं खाऊन तो सुखरूप घरी जातो. घोडा तोच, ए४ ची चाल तीच, फरक फक्त आधीच्या एका चालीचा. बी४ बंद केल्याशिवाय घोडा हलवायचा नव्हता.

ए३ चा आणखी एक गुण इथे सांगायला हवा. काळ्याने बी२ चं प्यादं खाल्लं नाही तर? तरी पांढऱ्याचं काही बिघडत नाही. बी४ वर काळा घोडा किंवा उंट येऊन बसणार नाही, डाव नेहमीसारखा पुढे चालतो. सापळ्याची खरी परीक्षा हीच आहे. समोरचा फसला नाही तरी आपली चाल उपयोगाचीच असली पाहिजे. जिथे समोरच्याने योग्य उत्तर दिलं की आपलंच नुकसान होतं, ती सापळ्याची चाल खेळू नका. नागपुरातल्या शालेय स्पर्धांत लहान मुलं असल्या चालींनी पहिले दोन डाव पटापट जिंकतात आणि तिसऱ्या फेरीत तयारीचा खेळाडू भेटला की तोच सापळा त्यांच्या अंगावर येतो.

घरं बंद करताना

उघडं घर तीन प्रकारे बंद होतं: तिथे आपल्या एखाद्या मोहऱ्याची नजर ठेवून, वाटेत जोर असलेला मोहरा उभा करून, किंवा समोरच्याच्याच मोहऱ्याला तिथे यायला भाग पाडून. तिसरा प्रकार अवघड, पण सगळ्यात देखणा. नवख्याने पहिल्यावर भर द्यावा आणि त्यातही प्याद्यांवर. प्याद्याने राखलेलं घर वजिराला कायमचं बंद होतं, कारण प्याद्याच्या बदल्यात वजीर देणं कुणालाच परवडत नाही. इतवारीच्या अरुंद गल्लीत शिरलेल्या गाडीला समोर एक हातगाडी आडवी लागली तरी पुरे होतं, ट्रकच लागतो असं नाही.

अशी चाल करताना शक्य असेल तर तिच्यातून दुसरं एखादं कामही साधा: कुठल्या मोहऱ्यावर नेम, मधल्या घरांवर ताबा, राजाची सोय. समोरच्याला ते दुसरं काम दिसतं आणि वजिराचं बंद झालेलं घर दिसत नाही. आणि घरं बंद होईपर्यंत विनाकारण शह देत सुटू नका. शहाने समोरचा राजा हलतो, कधी वजिराची वाट मोकळी होते, कधी त्याला शह अडवण्याच्या निमित्ताने वजीर परत बोलवायची संधी मिळते.

शेवटचा मोहरा कोणता?

स्वस्त आणि जोर असलेला. प्यादं असेल तर उत्तम, मग घोडा किंवा उंट, मग हत्ती. हत्तीने वजीर कोंडण्याचं एक छान चित्र पटावर मांडा.

काळा: राजा जी८, वजीर डी८, हत्ती सी८ आणि एफ८, उंट बी७, घोडा सी५, प्यादी ए७, बी६, सी७ आणि राजासमोरची तीन. पांढऱ्याचा वजीर ए३ वर आहे आणि ए पट्टी मधे मोकळी आहे. ए७ वरचं प्यादं बिनजोर दिसतं. पांढरा वजीर ते मारतो.

आता काळा सी८ वरचा हत्ती ए८ वर आणतो. हत्तीला बी७ वरच्या उंटाचा जोर आहे, आणि सी८ रिकामं झाल्यामुळे डी८ च्या वजिराचाही. पांढऱ्या वजिराने ए पट्टीवरून खाली पळायचं म्हटलं तर अख्खी पट्टी हत्तीच्या टप्प्यात. बी८ वर गेला तर हत्तीच मारतो. बी७ वरचा उंट मारला तर सी५ चा घोडा मारतो. बी६ वरचं प्यादं मारलं तर सी७ चं प्यादं. संपलं. इथे एका हत्तीने वजिरावर नेमही धरला आणि सगळी उभी पट्टीही बंद केली. कडेच्या वजिराविरुद्ध हत्ती एवढा भारी का पडतो, ते या एका चित्रात दिसतं.

शेवटची चाल करण्याआधी समोरचा वजीर सोडून दुसरं काय करू शकतो तेही बघा. तो आपल्या राजाला शह देईल का? आपल्या वजिरावर नेम धरेल का? एका चालीत मात देईल का? ही तीन उत्तरं नाही अशी आली की मगच हात पुढे करा. वजिरावर नेम धरला हे तोंडाने सांगायचं नसतं. घरी आजोबांशी खेळताना मुलं "वजीर!" म्हणून ओरडतात ते ठीक, पण फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) नियमांत शहसुद्धा बोलून दाखवायची गरज नाही, आणि डाव चालू असताना समोरच्याशी बोलणं पंचांना चालत नाही.

हिशेबही करा. वजीर ९, हत्ती ५, उंट आणि घोडा प्रत्येकी ३, प्यादं १. दोन हत्ती देऊन वजीर मिळवला तर कागदावर आपण १० देऊन ९ घेतले. पटावर कधी वजीर सरस ठरतो, कधी दोन हत्ती. पण "वजीर मिळाला" एवढ्यावर खूश होऊन हा सौदा करू नये.

राजामुळे सापडणारा वजीर

काही वेळा वजिराला घरं भरपूर असतात, पण त्याचा राजा त्याला हलू देत नाही. १. प्यादं ई४, प्यादं डी५. २. ई-प्यादं डी५ वरचं प्यादं मारतं, वजीर ते मारतो. ३. घोडा सी३, वजीर सी६? ४. उंट बी५! काळ्याचा वजीर ई८ वरच्या राजासमोर त्याच तिरप्या ओळीत अडकला. उंटाला सी३ च्या घोड्याचा जोर आहे. वजिराने उंट मारला तर घोडा वजीर मारतो, त्या ओळीबाहेर हलला तर राजा उघडा पडतो म्हणून तसं हलताच येत नाही. याला पिन म्हणतात.

आडून बसलेला शह आणखी घातक. १. प्यादं ई४, प्यादं ई५. २. घोडा एफ३, घोडा एफ६. ३. घोडा ई५ वरचं प्यादं मारतो, घोडा ई४ वरचं प्यादं मारतो. ४. वजीर ई२, घोडा एफ६?? ५. घोडा सी६! ई५ वरचा घोडा बाजूला झाल्याने ई२ च्या वजिराचा राजाला शह बसतो आणि घोडा स्वतः डी८ च्या वजिरावर नेम धरतो. शह आधी सोडवावाच लागतो, वजीर जातो. घोड्याने एकाच वेळी राजा आणि वजीर धरण्याचा प्रकार बहुतेकांना ठाऊक असतो, त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

जगज्जेत्यांच्या डावात

१९७२ च्या रेक्याविक इथल्या स्पास्की-फिशर जगज्जेतेपदाच्या सामन्यातला अकरावा डाव जरूर खेळून बघा. काळ्याकडून खेळणाऱ्या फिशरने सिसिलियन या सुरुवातीच्या नायडॉर्फ प्रकारात आठव्या चालीला वजिराने बी२ चं प्यादं खाल्लं. हा प्रकार "विषारी प्यादं" म्हणूनच प्रसिद्ध आहे, आणि तो काळ्याला खेळता येतो, म्हणजे प्रत्येक वेळी वजीर मरतोच असं नाही. पण या डावात स्पास्कीने चौदाव्या चालीला सी३ चा घोडा मागे घेऊन बी१ या त्याच्या मूळ घरावर ठेवला. सैन्य पुढे न्यायचं सोडून घोडा घरी परत! तिथून तो ए३ वरच्या काळ्या वजिरावर नेम धरत होता. वजीर बी४ वर गेला. पुढे सी४, ए३, सी५ अशी पांढऱ्याची प्यादी एकेक घर बंद करत सरकली, आणि चोविसाव्या चालीला ए४ झाल्यावर बी५ वरचा वजीर वाचला नाही. घाई कुठेच नाही. दहा चाली स्पास्की वजिराभोवती वाटा बुजवत होता.

आपला वजीर वाचवायचा असेल तर

वजीर कुठेही नेण्याआधी परतीचं घर ठरवा. स्कँडिनेव्हियन (१. प्यादं ई४, प्यादं डी५ ही सुरुवात) खेळणारे काळ्याकडून वजीर ए५ वर नेल्यावर सी६ ही प्याद्याची चाल करतात. त्याने डी५ वर घोडा येणं अवघड होतं आणि वजिराला सी७ किंवा डी८ वर परतायची वाट राहते. बी२ चं प्यादं खायचा मोह झाला तर वर दिलेली मोजणी स्वतःच्या वजिरासाठी करा: मी खाल्लं, त्याने माझ्यासाठी सगळ्यात वाईट चाल केली, माझं घर कुठलं?

आणि अडकलातच, तर लगेच डाव सोडू नका. आधी शह देत निसटता येतं का बघा, मग त्याच्या वजिरावर उलटा नेम धरता येतो का ते. काहीच नसेल तर वजीर जास्तीत जास्त किमतीला विका. बी२ च्या उदाहरणात ए१ चा हत्ती मिळत असताना घाबरून ए३ चं प्यादं घेणारी मुलं मी पाहिली आहेत. चार गुणांचा फरक आहे, आणि पुढचा अख्खा डाव त्यावर ठरू शकतो.

सराव

लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर कोडी फुकट सोडवता येतात आणि त्यात अडकलेल्या मोहऱ्यांचा वेगळा विभाग आहे. तिथे उत्तर लगेच खेळू नका. आधी वहीत उघडी घरं लिहा, मग चाल करा. स्वतःच्या जुन्या डावांतही समोरचा वजीर जिथे जिथे आपल्या अर्ध्या पटात आला, तिथे थांबून घरं मोजा. संगणकाचं विश्लेषण त्यानंतर उघडा.

आणि हे एक आजच पटावर मांडा. वरच्या ए७ च्या चित्रात काळा घोडा सी५ ऐवजी डी७ वर ठेवा, बाकी सगळं तसंच. पांढऱ्या वजिराने ए७ चं प्यादं मारलं, काळ्याने हत्ती ए८ वर आणला. आता बी७ च्या उंटाला जोर नाही. वजीर तो मारतो आणि सी६, डी५ च्या तिरप्या वाटेने मोकळा. मग काळ्याने आधी घोडा सी५ वर आणला तर? तर चाल पांढऱ्याची आणि वजीर ए पट्टीवरून खाली निघून जातो. घोडा आधीच सी५ वर असेल तरच ए७ चं प्यादं उघडं ठेवायचं. तो डी७ वर असताना मात्र ते प्यादं निमूट सांभाळायचं.